खालच्या मजल्यावर निघालेला कागद

तपासणी केंद्रात रिपोर्टच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळे कुलूपमावशी म्हणायचे, रक्त घेणाऱ्या पोरींपासून थेट डॉक्टरीणबाईंपर्यंत. तोंडावर म्हणायचे आणि ती हसायची. नाव उगाच पडलं नव्हतं. कोणाला काय झालंय हे सगळ्या वस्तीच्या आधी तिला कळायचं, पण तिच्या तोंडून एक अक्षर कोणी बाहेर काढू शकलेलं नव्हतं. एकदा शेजारणीनं भाजी निवडता निवडता, सहज आठवल्यासारखं करून विचारलं, "समोरच्या वहिनी येऊन गेल्या म्हणे तुमच्याकडे. काय निघालं?"

"मला कुठं वाचता येतं?" मावशी म्हणाली. नाकावर चष्मा होता आणि हातात वर्तमानपत्र. शेजारीण काय समजायचं ते समजली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मावशीला तिच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं. आई लवकर गेली तेव्हा अक्का स्वतःच जेमतेम शाळा संपवत होती. धाकटीच्या वेण्या घालणं, तिच्या फ्रॉकची शिवण उसवली की टाके मारणं, तिला ताप आला की उशाशी बसणं, हे सगळं अक्कानं केलं. पुढे दोघींची लग्नं झाली. मावशीचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. अक्का स्वतः जाऊन तिला घेऊन आली आणि आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत तिचा संसार मांडून दिला. तपासणी केंद्रातली नोकरीही अक्काच्या नवऱ्याच्या, म्हणजे भावजींच्या ओळखीतून मिळाली.

अक्काला एकच मुलगा. त्याचं नाव पडलं गुंड्या, कारण रांगायच्या वयात त्यानं सदऱ्याची गुंडी गिळली होती. ती परत बाहेर येईपर्यंत दोघी बहिणींनी जे जे तपासायचं ते नाकाला पदर लावून तपासलं होतं. तो मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, मिशी राखली, तरी घरात गुंड्याच राहिला. मावशीचं घर त्याला दुसरं नव्हतंच. आई ओरडली की मागच्या दारानं मावशीकडे, मावशी ओरडली की पुढच्या दारानं आईकडे.

दोघी बहिणींच्या मध्ये एकच गोष्ट आडवी आली होती, आणि ती भावजींची. एका दुपारी भावजी केंद्रात एकटेच आले, रक्त देऊन गेले. रिपोर्ट वाईट निघाला. न्यायला आले तेव्हा तो घडी करून खिशात ठेवत ते म्हणाले, "हिला इतक्यात सांगू नका. गुंड्याची परीक्षा होऊन जाऊ दे." मावशीनं मान हलवली. परीक्षा झाली आणि त्यानंतर भावजींना लपवता येण्यासारखं काही उरलं नाही. ते अंथरुणाला खिळल्यावर अक्कानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मावशी म्हणाली, "हो." अक्का नवऱ्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती, त्या तिनं पुन्हा मोडल्या आणि पुन्हा घातल्या. भावजी गेले. तो विषय दोघींनी परत काढला नाही. दिवस जात राहिले.

केंद्रातला जुना प्रिंटर वायरीनं संगणकाला जोडलेला होता. खोकल्यासारखा आवाज करत तो कागद काढायचा आणि पावसाळी हवेत दोन-दोन कागद एकदम ओढायचा. शेवटी तो बंदच पडला. नवा आला तो वायफायवरचा. जोडायला एक तरुण आला. केंद्राचे संगणक आणि वायरी तोच बघायचा, म्हणून त्याला सगळे नेटवाला म्हणत. वेळ दुपारची होती. खिडकीपुढे माणसांची ही रांग, त्यात कोणी उपाशीपोटी आलेलं, कोणाचं मूल रडतंय. नेटवाल्यानं खोकं फोडलं, प्रिंटर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आतल्या वायफायचा पासवर्ड?"

तो फक्त डॉक्टरीणबाईंकडे होता, आणि त्या बाहेरगावी गेलेल्या. फोन लागेना.

"मग असं करतो," नेटवाला म्हणाला. "इमारतीचं जे मोकळं वायफाय आहे ना, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं, त्याला पासवर्ड लागत नाही. आज तुमचा संगणक आणि प्रिंटर दोन्ही त्यावर टाकतो. उद्या येऊन नीट करून देतो. तसं ठेवणं बरं नाही."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बाई, आम्ही काय मुक्कामाला यायचं का?"

"कसंही करा," मावशी नेटवाल्याला म्हणाली, "पण आधी चालू करा."

त्यानं चालू करून दिला. पहिला कागद सुळकन बाहेर आला, कोरा करकरीत, अक्षरं कशी ठसठशीत. रांग हलली. दुसऱ्या दिवशी नेटवाला आला नाही. त्याला दुसरीकडे काम निघालं, मग तिसरीकडे. आणि चालणाऱ्या यंत्राकडे कोण बघतं? मावशीनंही त्याला फोन केला नाही.

अधूनमधून असं व्हायचं की तिनं छापायला सांगितलं तरी प्रिंटर गप्प बसायचा. मग ती संगणक बंद करून चालू करायची, पुन्हा बटण दाबायची आणि कागद यायचा. नवीन सून थोडे नखरे करणारच, असं ती रक्त घेणाऱ्या पोरींना म्हणायची.

त्या सुमारास गुंड्याचं लग्न ठरलं. मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि दोन्ही घरांनाही ते पसंत पडलं. अक्का इतक्या वर्षांनी पुन्हा गुणगुणायला लागली होती. गुंड्या मात्र थकलेला दिसायचा. संध्याकाळी बूट काढले की मोज्यांचा वळ पायांवर रुतलेला असायचा. मावशीच्या नजरेतून तो सुटला नाही. "एकदा रक्त देऊन जा," ती म्हणाली. "लग्नाआधी बरं असतं." तो हसत आला, हसत देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. मावशी डॉक्टर नव्हती, पण त्या खिडकीत बसून तिला किडनीचे आकडे ओळखता यायला लागले होते. तिनं ते दोनदा वाचले. छापायला सांगितलं तर प्रिंटर गप्प. तिनं संगणक बंद केला, चालू केला, पुन्हा दाबलं. कागद आला. तो तिनं कोणाच्या हाती दिला नाही. पाकिटात घालून, तोंड चिकटवून घरी नेला आणि मागच्या खोलीत गुंड्याच्या हातात ठेवला.

त्यानं वाचला. "हे बरं होणारं आहे का गं?"

"डॉक्टरांकडे जाऊ. मी येते."

तो खाटेच्या कडेवर बसला होता. बराच वेळ पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईला इतक्यात बोलू नकोस. मोठ्या डॉक्टरांकडून नीट कळू दे, मग मीच सांगेन. आणि तिलाही मीच सांगणार. रविवारी भेटणार आहोत आम्ही. तिला फसवायचं नाहीये मला."

"नाही बोलत," मावशी म्हणाली. ते तिला सांगायची गरजही नव्हती.

रविवार यायच्या आत मुलीचे वडील आणि मामा अक्काच्या दारात उभे राहिले. अक्कानं हसून आत बोलावलं, चहा टाकायला वळली. मामानं खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर उलगडला. वर केंद्राचं नाव, खाली गुंड्याचं नाव, वय आणि आकडे.

"हे आमच्यापासून लपवून ठेवणार होतात?" वडील म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "तुम्हाला मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

अक्कानं कागद हातात घेतला. तिला त्यातलं काही कळलं नाही. मुलाला काय झालंय हे तिला परक्या माणसानं समजावून सांगितलं, तिच्याच घरात, चहा उकळून ओतू जात असताना. लग्न त्याच बैठकीत मोडलं.

मावशी कामावरून आली तेव्हा अक्का मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती.

"किती जणांना सांगितलंस?" अक्का म्हणाली.

मावशीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मी कोणाला नाही बोलले. शप्पथ."

"तुझ्या केंद्राचा कागद त्यांच्या खिशातून निघाला. तो काय वाऱ्यानं उडत गेला?" अक्का ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर मावशीला सोपं गेलं असतं. "माझा नवरा मरत होता तेव्हा तोंड शिवून बसलीस. आता मुलाच्या वेळी टाके उसवले होय तुझे?"

कागद मावशीनं एकच छापला होता, तो गुंड्याच्या कपाटात होता. मग हा दुसरा आला कुठून? डोक्याचा भुगा होईपर्यंत तिनं विचार केला. केंद्रातल्या पोरींपैकी कोणी? डॉक्टरीणबाई? ज्या पोरींना तिनं आपल्या डब्यातलं खायला घातलं, त्यांच्याकडे ती संशयानं बघायला लागली आणि त्याची तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. गुंड्या तेवढा म्हणाला, "मावशी, तू नाही बोललीस हे मला माहीत आहे." तो तसं म्हणाला की तिला जास्तच भरून यायचं.

अक्कानं मागचं दार लावून घेतलं. आतून कडी.

मग एका सकाळी तळमजल्यावरचा झेरॉक्सवाला जिना चढून वर आला. त्याच्या हातात एक कागद होता. "ताई, हे तुमचं दिसतंय. माझ्या मशीनमधून निघालं. मी काही पाठवलेलं नाही बरं का, आपोआपच आलं."

मावशीनं कागद बघितला. कोणा म्हाताऱ्याच्या साखरेचा रिपोर्ट. थोड्या वेळापूर्वीच तिनं तो छापायला सांगितला होता, प्रिंटर गप्प बसला होता आणि तिनं पुन्हा बटण दाबलं होतं.

तिनं घाईनं विचारलं, "याच्या आधी कधी असं आलं होतं?"

"आलं होतं की, एक-दोनदा. मला वाटायचं कोणी गिऱ्हाईकच फोनवरून पाठवतंय. मी कागद काउंटरवर ठेवायचो, ज्याचा असेल तो नेईल म्हणून." तो आठवू लागला. "एकदा एक जण कागदपत्रांच्या प्रती काढायला आला होता. त्यानं बघितलं आणि म्हणाला, हा तर आमच्या ओळखीचा मुलगा आहे, मी पोचवतो त्याला. मीही म्हटलं, बरं झालं. पाय वाचले."

त्या भल्या झेरॉक्सवाल्याला आपण काय केलं याची गंधवार्ताही नव्हती. मावशीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. नेटवाल्यानं त्या दुपारी काय केलं होतं तेही, आणि आपण त्याला काय म्हणालो होतो तेही.

डॉक्टरीणबाईंनी आधी प्रिंटरची वायर भिंतीतून उपटली. मग नेटवाल्याला बोलावलं. तो आला तो घाम पुसतच. संगणकापुढे बसून त्यानं बघितलं आणि मान खाली घातली.

"खालच्यांचा प्रिंटर याच कंपनीचा, याच जातीचा आहे," तो म्हणाला. "दोन्ही त्याच मोकळ्या वायफायवर. कंपनीनं दिलेलं नाव दोन्हींचं एकच, आपण बदललंच नाही. संगणकाला एकाच नावाची दोन यंत्रं दिसतात. कधी तो याच्याकडे पाठवतो, कधी त्याच्याकडे."

"आता नीट कर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि या बसतील शेजारी. त्यांना प्रत्येक गोष्ट सांगून कर."

मावशी शेजारी बसली. त्यानं संगणक आणि प्रिंटर त्या मोकळ्या वायफायवरून काढले आणि केंद्राच्या आतल्या, पासवर्डच्या वायफायवर घेतले. तिथं हवेतून जाणारा मजकूर सांकेतिक होऊन जातो, मधल्यामध्ये कोणी पकडला तरी त्याला वाचता येत नाही, असं त्यानं सांगितलं. रुग्णांच्या फोनसाठी वेगळं वायफाय ठेवलं, ज्यावरून आतलं काहीच दिसणार नाही. प्रिंटरला नवं नाव दिलं, ज्यात ना केंद्राचं नाव ना कंपनीचं. प्रिंटरच्या आत शिरायचाही एक पासवर्ड असतो, तो कारखान्यातून सगळ्यांना एकच मिळतो आणि कोणालाही सापडतो, म्हणून तो बदलला. फोनवरून थेट जोडता यावं म्हणून प्रिंटर स्वतःच एक सिग्नल सोडत होता, तोही बंद केला. संगणकाच्या यादीतून खालचं यंत्र पुसलं. कंपनीनं दुरुस्त करून पाठवलेली नवी प्रणाली चढवली. शेवटी असं करून दिलं की छापायला सांगितलं तरी कागद लगेच येणार नाही. प्रिंटरपाशी जाऊन ठरलेले गुप्त आकडे दाबले की मगच येईल.

"हे सगळं त्या दिवशी करायला किती वेळ लागला असता?" मावशीनं विचारलं.

"पासवर्ड मिळाला असता तर अर्धा-पाऊण तास." तो चाचरला. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात…"

"हो," मावशी म्हणाली. "मीच म्हणाले होते."

डॉक्टरीणबाईंनी ज्यांचे ज्यांचे कागद खाली गेले असतील अशा सगळ्यांना स्वतः फोन केले. काही जण चिडले, काहींना त्याचं काही वाटलं नाही. मुलीच्या वडिलांनाही त्यांनी सांगितलं की मुलाच्या घरच्यांनी काही लपवलं नव्हतं, आईला तर माहीतच नव्हतं. ते म्हणाले, आम्ही चुकलो असू, पण आता आजार कळलाय तो न कळल्यासारखा कसा करू? त्याला कोण काय बोलणार? मुलगी मात्र एकदा येऊन गुंड्याला भेटून गेली. दोघं काय बोलले ते त्यानं मावशीलाही सांगितलं नाही.

मावशी अक्काकडे गेली ती पुढच्या दारानं, परक्यासारखी. अक्का इस्त्री करत होती. मावशीनं सगळं सांगितलं: मोकळं वायफाय, एकसारखी नावं, खालचं दुकान, मामा. अक्कानं इस्त्री उभी करून ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "तू नाही बोललीस. कागद खाली निघाला. मानलं मी."

मावशीच्या जिवात जीव आला. ती पुढे होणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "पण त्या संध्याकाळी तो रिपोर्ट घेऊन तू माझ्या अंगणातून गेलीस. मी कपडे काढत होते दोरीवरचे. तू म्हणालीस, आज ऊन छान पडलं होतं नाही? आठवतं?"

मावशीला आठवत होतं.

"माझ्या नवऱ्याचं मरण तुला आधी कळलं. माझ्या पोराचं दुखणं तुला आधी कळलं. मी तुम्हा सगळ्यांची कोण, गं? स्वयंपाकीण?"

"त्यानंच सांगितलं होतं नको बोलू म्हणून."

"त्यांनीही सांगितलं होतं." अक्कानं इस्त्री पुन्हा उचलली. "तुला सगळे सांगतात. आणि तू सगळ्यांचं ऐकतेस. माझं काय होईल, हे तुझ्या मनात कधी आलं नाही."

मावशी आल्या दारानं निघाली. यंत्राची चूक सापडली की आपली सुटका होईल असं तिला वाटलं होतं. यंत्राची चूक सापडली आणि त्या चुकीच्या मागे जे होतं ते उघडं पडलं. लोकांचं पोटात ठेवणं हा तिचा एवढा मोठा गुण होता, आणि त्यानंच तिच्या बहिणीला जन्मभर दाराबाहेर उभं केलं होतं.

गुंड्याच्या किडन्यांचं दुखणं औषधांना पुरून उरलं. रक्त यंत्रानं शुद्ध करून घ्यायला रुग्णालयात जावं लागायला लागलं. लिफ्टचं काम सुटलं. मावशीनं आपली किडनी देऊ केली; तपासणीत ती जुळली नाही. अक्काचं वय आणि रक्तदाब बघून डॉक्टरांनी तिला आधीच नाही म्हटलं होतं. दुसरी कुठून मिळेल म्हणून नाव नोंदवून ठेवलं आणि वाट बघत राहिले. सकाळी अक्का त्याच्यासोबत जायची, दुपारी मावशी केंद्रातून सुटी घेऊन तिला मोकळं करायची. डब्याची पिशवी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायची. "पाणी कमीच द्यायचंय," "चादर बदललीय," एवढंच बोलणं. गुंड्या दोघींकडे बघून म्हणायचा, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी म्हणजे बंद पडलेली लिफ्ट झालोय. कोणी वर जात नाही, कोणी खाली येत नाही." दोघी हसायच्या, पण वेगवेगळ्या दिशांना बघून.

तो काही वर्षं तसा राहिला. मग एका हिवाळ्यात छातीत पाणी झालं आणि त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. दोघी बहिणी बाहेरच्या बाकावर बसून होत्या, मध्ये पिशवी. सकाळचं ऊन व्हरांड्याच्या फरशीवर आलं होतं. दार उघडून तरुण डॉक्टर बाहेर आला आणि थबकला. त्याची मावशीशी ओळख होती; औषधं, रिपोर्ट, तारखा सगळं तो तिच्याशीच बोलायचा. तो तिच्याकडे बघूनच पुढे आला.

मावशीनं त्याचा चेहरा बघितला. असे चेहरे तिनं जन्मभर वाचले होते. ती उठली आणि काही न बोलता व्हरांड्याच्या पार टोकाला, जिन्यापाशी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून. मागे डॉक्टरचा हळू आवाज येत होता. शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून तिनं जिन्यावरच्या माणसांच्या पावलांकडे कान लावले.

बराच वेळ गेला. मग मागून चपलांचा आवाज आला. अक्का सावकाश चालत, भिंतीला हात लावत आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"गेला गं आपला गुंड्या," अक्का म्हणाली.

मावशीनं ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, आणि मग तिला रडू आलं. अक्कानं तिच्या दंडाला धरलं, ती पडेल म्हणून की आपण पडू म्हणून, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

त्यानंतरही सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. मागच्या दाराची कडी अक्कानं काढली, पण दोघी फारशा बोलल्या नाहीत. संध्याकाळी मावशी येऊन बसायची, अक्का चहा टाकायची. कधी कधी अक्का मध्येच विचारायची, "त्या दिवशी रिपोर्ट वाचल्यावर तो आधी काय म्हणाला होता?" मावशी सांगायची. तेच ते पुन्हा पुन्हा, काही न गाळता: तो खाटेच्या कडेवर कसा बसला होता, पायांकडे कसा बघत होता, मुलीला फसवायचं नाही असं कसं म्हणाला होता. अक्का ऐकत राहायची आणि कपातला चहा गार व्हायचा.